कोपराखालची पाल

ताईच्या क्वार्टरमध्ये खुर्च्या दोनच होत्या, आणि रविवारी दुपारी माणसं जमली चार. जिच्यासाठी ही सगळी फौज गोळा झाली ती बारकी तर अजून हाताचं ड्रेसिंग करून घ्यायला गेली होती, तिची गणती वेगळीच. भाऊ खाटेवर टेकला. वहिनी त्याच्या शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसली. धाकटीने येताक्षणी खिडकीजवळची बरी खुर्ची पटकावली, कारण धाकट्या बहिणीचा तो जन्मसिद्ध हक्क असतो, मग तिचे केस पांढरे का होईनात.

घर कसलं, दवाखान्याच्या आवारातल्या दोन खोल्या. मागे धोबीखाना, त्याची वाफ दिवसभर खिडकीच्या काचेवर. मेट्रन झाल्यावर ताईला पुढचा बंगला मिळत होता, बागेसकट. तिने घेतला नाही. "एकट्या बाईला काय करायचाय बंगला," म्हणाली. बारकी तेव्हा तिच्याजवळच राहत होती, चांगली रुळली होती. तरी ताईच्या तोंडून 'एकटी' असंच निघालं, आणि तिला स्वतःला ते खटकलंही नाही.

"तर मग," भाऊ म्हणाला, "उद्याचं काय?"

उद्या सकाळी दवाखान्याची कमिटी बसणार होती. बारकीची नोकरी कायम करायची की तिला नारळ द्यायचा, एवढाच प्रश्न. बारकी म्हणजे भाऊची मुलगी, पहिल्या बायकोची. त्याच दवाखान्यात नर्सिंग शिकली, त्याच दवाखान्यात लागली. कामाला वाघीण. डॉक्टर नावाजायचे, पेशंट जाताना हात धरून रडायचे. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एका सुट्टीत ही बया कुठेशी गेली आणि उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, एक पाल गोंदवून आली.

हो, पाल. भिंतीवरची. शेपटी वळवलेली, पंजे पसरलेले, इतकी हुबेहूब की पहिल्या दिवशी इंजेक्शन घेता घेता एका म्हाताऱ्याने तिच्या हातावर फटका मारला होता.

दवाखान्याचा नियम असा की अंगावरचं गोंदण दिसता कामा नये, झाकावं. भुवईतली कडी बारकी ड्यूटीवर चढताना काढून ठेवायची, त्याचं कुणी काही म्हटलं नाही. पाल कशी काढून ठेवणार? ताईने तिला ऑफिसात बोलावलं, टेबलाच्या अलीकडे उभं केलं आणि सांगितलं, "रोज चिकटपट्टी लावून यायचं. विषय संपला." आपण पोरीला वाचवलं असंच ताईला वाटलं होतं. पण नर्सला प्रत्येक पेशंटनंतर हात धुवावे लागतात, कोपरापर्यंत. पट्टी भिजायची, ओली राहायची, सोलून नवी लावली की तीही भिजायची. खालची कातडी आधी लाल झाली, मग तिला फोड आले, मग सोलवटली. बारकीने सांगितलं नाही आणि ताईने पट्टी उचलून बघितली नाही. शेवटी सर्जिकल वॉर्डात एका माणसाच्या टाक्यांत पू झाला, आणि त्याच्या मुलाने बारकीची ओली पट्टी बघून आकाशपाताळ एक केलं. टाके शंभर कारणांनी चिघळतात. पण सोललेल्या हाताची नर्स टाक्यांजवळ जाता कामा नये हे शंभर टक्के खरं होतं, आणि तक्रार लेखी होती.

"मी म्हणतो," भाऊ म्हणाला, "इतकं काय त्यात? बाह्या लांब करून देतो." भाऊ शिंपी. दवाखान्याचे गणवेश आधी त्यांचे वडील शिवायचे, आता तो शिवतो. जगातलं कुठलंही संकट कापडाने झाकता येतं अशी त्याची श्रद्धा. "मनगटापर्यंत बाही, वर एक बटण. कुणाच्या बापाला दिसणार नाही."

"कोपराखाली कापड चालत नाही," ताई म्हणाली. "घड्याळ नाही, अंगठी नाही, बांगडी नाही. हात उघडा हवा. धुवायचा असतो तो."

"मग पट्टी कशी चालते?" धाकटीने विचारलं.

ताईने पाण्याचा तांब्या उचलून परत ठेवला.

"नाही, मी अडाणी बाई, मला समजावून सांग. कोपराखाली काही नको हाही तुमचाच नियम, आणि कोपराखाली पट्टी लाव हाही तुमचाच. पोरीने दोन्ही पाळले. झालं काय? हात कामातून गेला."

"तू नको शहाणपणा शिकवूस," भाऊ तिच्यावर घसरला. "तुझ्यामुळे शेफारली ती. भुवई कुणी टोचली तिची? तुझ्याच पार्लरात ना?"

"भुवई मी टोचली. सुई उकळून टोचली, आणि दोन दिवसांत बरी झाली. पाल माझी नाही. माझ्या माथी नको मारूस."

"पुसून नाही टाकता येत?" वहिनीने हळूच विचारलं. त्या घरात ती अजूनही प्रत्येक वाक्य परवानगी मागितल्यासारखं बोलायची.

"मशिनीने जाते, पण महिनोन् महिने लागतात," धाकटी म्हणाली. "आणि आधीच कातडी नाही तिथे. पोरीला भाजून काढायचंय का?" मग ती ताईकडे वळली. "एवढं रामायण कशाला? तूच बोल की उद्या. मेट्रन कोण आहे? कमिटीत तुझी खुर्ची आहे ना?"

"मी नात्यातली," ताई म्हणाली. "मेट्रनने नात्यातल्या माणसाची बाजू घेतली की ते माणूस तिच्या हाताखाली राहत नाही. मी बोलले तर एक वेळ नोकरी वाचेल, पण खाणीवर पाठवतील तिला."

खाणीवरची शाखा म्हणजे जायला अख्खा दिवस आणि यायला अख्खा दिवस. तिकडे बदली झालेल्या नर्सेसची लग्नं तिकडेच होतात आणि म्हातारपणंही. मागे धोबीखान्यातलं मशीन धडधडत होतं.

"बोलले नाही तर घालवतील, बोलले तर पाठवतील," ताई म्हणाली. "दोन्हीकडून ती जाणारच." हे सांगताना तिचा आवाज वॉर्डात सूचना देताना असतो तसाच होता. त्या आवाजामुळे आजवर कुणाला कळलं नव्हतं की या बाईला कशाची भीती वाटते. तिला आत्ता भीती वाटत होती. पलीकडच्या खोलीतली दुसरी खाट रिकामी होईल याची.

"मी एक बोलू?" वहिनी म्हणाली.

"बोल की."

"तिला सांगू दे की आईच्या आठवणीत काढलं म्हणून." वहिनीचे कान लाल झाले होते. "म्हणजे तिच्या आईच्या. पहिल्या ताईंच्या. आई नर्स होती, याच दवाखान्यात गेली. कोण नाही म्हणेल?"

कुणी सुचवावं आणि कुणी नाही! सवत नसली तरी सवतीच्या जागेवर आलेली बाई. लग्न होऊन आली त्या दिवसापासून भिंतीवरच्या पहिलीच्या फोटोखाली वावरलेली. भाऊने तिच्याकडे बघितलं आणि तो डोळे पुसायला लागला. आत्तापर्यंत त्याच्या अंगावर धावून जाणारी धाकटी उठून वहिनीच्या शेजारी जाऊन बसली.

"अगं, लिफ्टवाल्याचं तसंच नाही का झालं?" धाकटी म्हणाली. "ताई, तूच सांगितलं होतंस. त्याच्या हातावर त्याच्या गेलेल्या मुलाचं नाव. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः वाचलं आणि राहू द्या म्हणाले."

"म्हणाले," ताई म्हणाली.

"मग झालं तर! आणि यात तुला बोलायला नको. तिने बोलायचं. कायम होईल, आणि राहीलही इथेच."

राहीलही इथेच. ताईने खिडकीच्या काचेवरची वाफ तळहाताने पुसली, उगाच, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. भाऊची पहिली बायको म्हणजे मुळात ताईची मैत्रीण. दोघी एका खोलीत राहून नर्सिंग शिकल्या, एका ताटात जेवल्या. ताईनेच तिला घरी आणलं, भाऊला दाखवलं. ती गेली तीही ताईच्याच वॉर्डात. लोक भाऊला भेटायला आले, बारकीला जवळ घेऊन गेले. भावाची बायको गेली असं सगळे म्हणाले, ताईची मैत्रीण गेली असं कुणी म्हणालं नाही. तिसऱ्या दिवशी ताई ड्यूटीवर हजर होती, आणि त्याबद्दल तिचं कौतुक झालं होतं.

आता तीच मैत्रीण मदतीला येत होती म्हणायचं. तिला आवडलं असतं का? लेकीची नोकरी वाचत असेल तर कुठल्या आईला नाही आवडणार, असं ताईने मनाशी म्हटलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "एक वाक्य बोलायचं. जास्त फुलवायचं नाही."

बारकी आली तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. उजव्या हाताला कोपरापर्यंत पांढरं बँडेज. भुवईत कडी. सुट्टीवर होती ना, कोण अडवणार? तिने सगळ्यांकडे एक नजर फिरवली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"अगं, शुभ बोल!" भाऊ म्हणाला. "ये, बस."

मग भाऊने सांगितलं, धाकटीने मधे मधे भर घातली, वहिनी जमिनीकडे बघत राहिली. बारकीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आणि हसली.

"बाबा, आई पालीला घाबरायची. विसरलात? झाडू घेऊन खुर्चीवर चढायची, आणि तुम्ही येईपर्यंत उतरायची नाही."

भाऊला नको त्या वेळी हसू आलं. त्याने ते खोकल्यात दाबलं. "एकदा तर माझ्यासाठी थांबून थांबून खुर्चीवरच झोपली होती," तो म्हणाला, आणि मग त्याचं तोंड एवढंसं झालं.

"मग? तिच्या आठवणीत मी पाल काढणार?"

"कमिटीला काय माहीत?" धाकटी म्हणाली.

"मला माहीत आहे ना." बारकी वहिनीकडे वळली. तिला ती माई म्हणायची. आई म्हणायची नाही, आणि वहिनीनेही कधी म्हण म्हणून सांगितलं नव्हतं. "माई, हे तुम्ही सुचवलंत ना?"

"तुझ्या भल्यासाठीच गं."

"ते कळलं मला. त्यांच्या कुणाच्या डोक्यात नसतं आलं." बारकी म्हणाली. "पण आईला मी नोकरीसाठी वापरणार नाही. माझ्याकडे तिचं आधीच फार थोडं आहे."

"नको म्हणते ना, मग नको," वहिनी म्हणाली, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिने परवानगी न मागता वाक्य पुरं केलं.

"असं कसं नको!" भाऊ उठला. "उद्या सकाळी काय सांगणार आहेस तू?"

"विचारलं तर सांगीन, आवडली म्हणून काढली."

"हे उत्तर झालं?" आता ताई बोलली. "जन्मभर राहणारी गोष्ट अंगावर घेतलीस, आणि नुसती आवडली म्हणून? बारके, मी मेट्रन म्हणून नाही विचारत. का काढलीस?"

"मेट्रन म्हणून नाही विचारत?"

"नाही."

बारकी दुसऱ्या खुर्चीवर बसली. बँडेज केलेला हात तिने मांडीवर ठेवला. "आत्या, ड्यूटीचा चार्ट कोण लावतं?"

"मी लावते. का?"

"तुझी सकाळपाळी. माझी कायम दुपारपाळी. मी लागल्यापासून. तू घरी येतेस तेव्हा मी वॉर्डात. मी येते तेव्हा तू झोपलेली. तुला रविवारची सुट्टी. मला एक तरी रविवार दिलास?"

"लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. म्हणाले असते, मेट्रनची भाची, हिला सगळं ताटात वाढून मिळतं."

"कुणी म्हटलं नाही. एकानेही नाही. तू जिंकलीस ते." बारकीच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "मी आले की स्वयंपाकघरातला दिवा लावायचे. तू झाकून ठेवलेलं ताट असायचं, आणि ओट्याच्या वर भिंतीवर एक पाल असायची. रोज तिथेच. दिवसभरात दुसरं कुणी जागं भेटायचंच नाही घरात. मग मी जेवता जेवता तिला सांगायला लागले. आज अमुक पेशंट गेला, आज तमकीचं बाळ रडलंच नाही, मग रडलं. ती ऐकायची असं नाही, पण पळायचीही नाही. मग एक दिवस दिसेनाशी झाली. पुष्कळ वाट बघितली. नंतर जाऊन काढून घेतली." तिने खांदे उडवले. "यात कुणी मेलेलं नाही, आत्या. कमिटीला सांगण्यासारखं काही नाही."



ताईला सांगायचं होतं की मी झोपलेली नसायचे. तुझी किल्ली कुलपात वाजली की मला कळायचं. तू ताट काढलंस, तू पाणी घेतलंस, सगळं मी अंधारात पडून ऐकायचे. वाटायचं उठावं, दोन शब्द बोलावेत. मग वाटायचं, पोरगी दमून आलीय, कुठे हिच्या मागे लागायचं. आणि तू तिथे हलक्या आवाजात बोलायचीस ते मी ऐकलं होतं. मला वाटलं फोनवर बोलतेस. मला वाटलं, बरं झालं, हिला कुणीतरी आहे.

हे सगळं तिच्या घशापर्यंत आलं. पण चार माणसांसमोर असं बोलायची सवय नसते काही बायकांना, एकांतातही नसते. "हात ओला होऊ देऊ नकोस," एवढंच ती म्हणाली. स्वतःची जीभ चावावी असं तिला वाटलं.

निघताना भाऊ दारात घुटमळला. "मी बघतो काय करायचं ते," तो ताईच्या कानाशी म्हणाला. "तू फक्त गप्प राहा."

सोमवारी सकाळी कमिटीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याचे ग्लास, आणि टेबलाच्या टोकाला मोठे डॉक्टर. स्वच्छतेचं काम बघणारी सिस्टर ताईच्या उजव्या हाताला. बारकी बाहेर बाकावर. तिला बोलवायच्या आधी मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला, आणि ते ताईकडे झुकले.

"तुमच्या भावाचा काल फोन आला होता," ते म्हणाले. "मला माहीतच नव्हतं की ते गोंदण तिच्या आईसाठी आहे. आपली फार चांगली सिस्टर होती ती. मला आठवते." त्यांचा आवाज खरोखर हळवा झाला होता, माणूस वाईट नव्हता. "मुलीला त्यावर बोलायला लावायची माझी इच्छा नाही. उगाच रडेल. तुम्ही फक्त एवढं सांगा, तसंच आहे ना? म्हणजे आपण लिफ्टवाल्यासारखंच करू. आणि ती इथेच राहील, तुमच्याजवळ."

ताईला वाटलं, देवच पावला. तिला खोटं बोलावंही लागणार नव्हतं. नुसतं 'हं' म्हणायचं होतं. मान हलवली तरी चाललं असतं. बारकीला कधी कळलंही नसतं. आणि चार्ट काय, ताईच्याच हातात होता. उद्यापासून तिला सकाळपाळी द्यायची. संध्याकाळी दोघींनी एकत्र जेवायचं. रविवारी दोघींनी उशिरा उठायचं. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत, आता लोकांची कुणाला पडलीय? हे सगळं त्या एका 'हं'च्या पलीकडे मांडून ठेवलेलं होतं, आणि म्हातारपण जवळ आलेल्या बाईला ते फार हवं होतं.

'माझ्याकडे तिचं आधीच फार थोडं आहे,' पोरगी म्हणाली होती.

"नाही," ताई म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"आईसाठी नाही ते. माझा भाऊ भाबडा आहे, त्याने प्रेमापोटी सांगितलं. तिला आवडली म्हणून काढलीय. आणि मला बोलायचं आहे."

"मेट्रन, तुम्ही नातेवाईक आहात. तुम्ही बोललात तर..."

"खाणीवर जाईल. माहीत आहे मला." ताईने दोन्ही हात टेबलावर ठेवले, उघडे, कोपरापर्यंत. "पट्टी लावायला मी सांगितलं. तिच्या मनाने नाही, माझ्या हुकमाने. आपण एकीकडे म्हणतो कोपराखाली काही नको, आणि दुसरीकडे म्हणतो गोंदण झाका. कशाने झाका? ओल्या पट्टीखाली जे वाढतं ते या सिस्टरला विचारा. उघडी पाल साबणाने धुता येते. ती बरी झालेली कातडी आहे, कुणाला काही करत नाही. पेशंट फार तर दचकेल. पट्टीने तिचा हात सोलला, आणि मी मेट्रन असून, एका घरात राहून, एकदाही पट्टी उचलून बघितलं नाही. शिक्षा द्यायची तर मला द्या. ती मुलगी या दवाखान्यातली सगळ्यात चांगली नर्स आहे. हे मी आजवर कुठे बोलले नाही, कारण ती माझी आहे."

शेवटच्या दोन शब्दांवर तिचा आवाज फाटला. शेजारच्या सिस्टरने मान खाली घातली, आणि मग म्हणाली, "सर, पट्टीचं मेट्रन म्हणतात ते बरोबर आहे. माझ्याकडे असे आणखी हात आहेत. भीतीपोटी दाखवत नाहीत पोरी."

दुपारपर्यंत सगळं ठरलं. हातावरचं गोंदण झाकायचा नियम गेला. बारकी कायम झाली. आणि नात्याच्या नियमाप्रमाणे तिची बदली खाणीवर झाली. तिथे माणसांची इतकी ओढाताण होती की हात बरा होईपर्यंत नोंदणीच्या टेबलावर बसवू, पण लगेच पाठवा, असा तिकडून निरोप आला. संध्याकाळी धाकटी फोनवर ताईला म्हणाली, "जिंकून हरणं कुणी तुझ्याकडून शिकावं." भाऊ फोनवर आलाच नाही. वहिनी आली, आणि म्हणाली, "ताई, तुम्ही केलंत ते बरं केलंत. मी येत जाईन तुमच्याकडे." येईल न येईल, पण म्हणाली.

मंगळवारी सकाळी ताईने रजा टाकली. मेट्रनने रजा टाकली ही बातमी धोबीखान्यापर्यंत गेली. बारकीची बॅग दाराशी तयार होती, एका हाताने भरलेली, म्हणून जरा वेडीवाकडी. ताईने चहा टाकला. दोन कप मांडले, साखरेचा डबा उघडला, चमचा भरला आणि ती तशीच उभी राहिली.

कुठल्या डॉक्टरला किती साखर लागते ते तिला तोंडपाठ होतं. वॉर्डातल्या जुन्या आयांचं ठाऊक होतं, लिफ्टवाल्याचंही. पलीकडच्या खोलीत केस विंचरणाऱ्या या मुलीला किती लागते, हे तिला माहीत नव्हतं. इतके दिवस एका छपराखाली काढून दोघींनी कधी एकत्र चहा घेतलेला नव्हता.

"बारके," तिने हाक मारली. "साखर किती गं?"

"घेत नाही मी."

"कधी सोडलीस?"

"कधीच घेत नव्हते, आत्या."

ताईने चमचा डब्यात परत ओतला. थोडी साखर ओट्यावर सांडली, ती तिने बोटाने गोळा केली, आणि मग तिला रडू फुटलं. वॉर्डात माणसं गेली तेव्हा न रडलेली, मैत्रीण गेली तेव्हा न रडलेली बाई ओट्याला धरून हुंदके देत राहिली. बारकी धावत आली. काय करावं तिला कळेना. पेशंट रडला तर काय करायचं ते तिला चांगलं ठाऊक होतं, पण ही आत्या होती. शेवटी तिने आपला बरा हात तिच्या पाठीवर ठेवला.

"थांब ना गं," ताई म्हणाली. "नको जाऊस. मी सांगते त्यांना काहीतरी. मला फार एकटं वाटेल."

"मलाही वाटायचं," बारकी म्हणाली. "तुला सांगता येतं हे मला माहीतच नव्हतं."

मग दोघींनी बिनसाखरेचा चहा घेतला. ताईला तो कडू लागला, तरी तिने संपवला. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला. बारकीने बॅग उचलली, ताईने ती तिच्या हातातून घेतली, दारापर्यंत ओढाताण झाली आणि शेवटी बॅग दोघींच्या मधे लोंबकळत फाटकापर्यंत गेली.

"तिकडचा चार्ट कळला मला," गाडीत बसताना बारकी म्हणाली. तिचा चेहरा पहिल्यांदाच उजळला होता. "आत्या, फोन करत जाईन. तिकडे मला रविवारची सुट्टी आहे."